तू माझ्याकडे कामाला होतास

दिगंबर,

तुझ्या मातीहून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सेनगावच्या स्टँडसमोर चहा प्यायला बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर एकजण होता, ओळखीचाच. बराच वेळ तो माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, ज्यानं तुमचा हात मोडला त्याच्या मातीला तुमी काहून गेले?"

मी चहा संपवला आणि दुकानाकडे चालत आलो.  घरी माझ्या बायकोनं, तुझ्या काकूनं, काही विचारलं नाही, पण तिच्याही मनात तेच असणार. मला नीट उत्तर सापडेल असंही नाही. तरी बोलायचंच असेल तर तुझ्याशीच बोललं पाहिजे, कारण अर्धी गोष्ट तुला माहीत आहे आणि तुझ्याशी भांडताना मला शब्द जुळवावे लागत नव्हते.

माझा हात मोडला तो दिवस तुला माझ्यापेक्षा नीट आठवत होता. तू शुद्धीवर होतास, मी नव्हतो. ज्याला सगळे भाऊ म्हणतात त्याला माझ्या दुकानाची जागा पाहिजे होती. रस्त्याला लागून, कोपऱ्याची. तिथं त्याला कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. मी दोन वेळा नाही म्हणालो. मग एका दुपारी तुम्ही तिघं आलात. मी विहिरीवरच्या एका जळालेल्या मोटारीची, नवी भरण्याआधी, जुनी तांब्याची तार छिन्नीनं काढत बसलो होतो. बाकीच्या दोघांनी मला धरलं आणि गज तुझ्या हातात होता. मला पहिला फटका आठवतो. मनगटाचा चुरा त्यातच झाला होता. नंतरचे फटके डॉक्टरांनी कोर्टात सांगितले म्हणून कळले.

साक्ष द्यायला मी उभा राहिलो तेव्हा बाकीच्या साक्षीदारांना काही दिसलेलं नव्हतं, काही ऐकू आलेलं नव्हतं. मी एकट्यानं तुझ्याकडे बोट दाखवलं, तेही डाव्या हाताचं. भाऊचं नाव कुठंच आलं नाही, पण गवगवा झाला म्हणून जागेचा विषय त्यानं तेवढ्यापुरता सोडला. ते दोघं सुटले. तू आत गेलास. त्या दिवशी तुला गाडीत बसवताना बघून मला फार बरं वाटलं होतं, आणि ते बरं वाटणं पुढं कित्येक वर्षं मला पुरलं. रात्री हात ठणकायला लागला की मी तुला त्या गाडीत बसताना आठवायचो.

तू सुटून आलास ते उन्हाळ्यात. मी दुकानात एकटाच होतो. दारात सावली पडली म्हणून वर पाहिलं. तू बारीक झाला होतास, केस कमी झाले होते.

"मिस्त्री, वळखलं का?"

मी आधी हातोडा कुठं आहे ते बघितलं.

"मारायला न्हाई आलो," तू म्हणालास. "काम मागायला आलो."

"माझ्याकडं?"

"दुसरीकडं सगळीकडं विचारून आलो. कोणी उभं करून न्हाई राहिलं. म्हटलं, तुमी तर वळखता मला. तुमाला नवीन काही सांगायचं न्हाई."

मी तुला हाकललं. दुसऱ्या दिवशी तू परत आलास आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली बसून राहिलास. तिसऱ्या दिवशीही. तुझी काकू घरून डबा घेऊन आली, तिनं तुला पाहिलं आणि डबा तिथंच ठेवून परत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "पोलिसात कळवा." मी कळवलं नाही. चौथ्या दिवशी तुला आत बोलावलं.

लोकांनी पुढं त्याचे फार मोठे अर्थ लावले. मिस्त्री म्हणजे देवमाणूस, असंही कोणी म्हणालं. दिगंबर, तुला मी दयेनं नव्हतं ठेवलं. माझी बोटं मिटत नव्हती. पाणबुडी मोटारीची तार खाचेतून ओढायला दोन्ही हातांत जोर लागतो, आणि हाताखाली आलेली पोरं महिना-दोन महिन्यांत निघून जायची. आणि दुसरं म्हणजे, जे काम तू माझ्याकडून हिसकावून घेतलंस ते तू माझ्यासमोर खाली बसून, मान वाकवून, रोज करावंस असं मला वाटत होतं. तुझ्या बोटांना तार कापावी, वार्निशच्या वासानं तुझं डोकं उठावं, आणि मी खुर्चीत बसून बघावं. तुला हे माहीत होतं. तू एकदा म्हणालास, "तुमी मला बसवलं ते बघायसाठी. बघा की. माझं काम तर चालू राहते."

पहिल्या वर्षी मी तुला फार शिव्या दिल्या. तू फेरे मोजताना चुकायचास, कॉइल सैल भरायचास, खाचेत घालायचा कागद वाकडा कापायचास. भरलेली मोटार चालू केली आणि गुरगुरली की मी सगळी तार पुन्हा उपसायला लावायचो, एखादी बाजू ठीक असली तरी. तू उपसायचास. रब्बीत विजेची लाइन कमी-जास्त झाली की जळालेल्या मोटारी दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत लागायच्या. सेनगावच्या आसपासच्या खेड्यांतून लोक जीपच्या टपावर मोटार टाकून आणायचे, हरभरा वाळून चाललाय म्हणून डोक्यावर उभे राहायचे, आणि तू मान वर न करता भरत राहायचास. दुसऱ्या हंगामात तू भरलेली एकही मोटार पुन्हा जळून परत आली नाही. मी तुला ते सांगितलं नाही, पण गिऱ्हाइकांना सांगितलं. तुझ्यापर्यंत ते पोचलंच असेल.

काही गिऱ्हाइकं तुटली. तुला बघून ती दारातूनच परत फिरायची. एक पाटील होता, मोटार घ्यायला आला आणि तुझ्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, लांडग्याला राखणीला ठेवलं का तुमी? याच्या हातची मोटार मी वावरात न्हाई लावत." दुकानात चार माणसं होती. तुझ्या हातात हातोडा होता. तुझ्या मुठीवरच्या शिरा ताठ झाल्या, आणि माझं मनगट आपोआप पोटाशी आलं. तू हातोडा खाली ठेवलास. हळूच ठेवलास, आवाज होऊ नये असा. मागं हौदाकडे गेलास आणि डोक्यावर पाणी ओतत राहिलास. पाटील गेल्यावरही ओतत होतास. मी मागं येऊन म्हणालो, "पुरे. हौद रिकामा करशील."

तेव्हा तू ओल्या कपड्यांनी तिथंच खाली बसलास आणि मला ते सांगितलंस. मी कधीचं विचारायचं ठरवत होतो, पहिल्या फटक्यात काम झालं होतं तर पुढचे कशाला मारलेस. मी न विचारताच तू बोललास.

"मिस्त्री, हात उचलला की मंग मला थांबायचं सुचतच न्हाई. तुमच्या टायमाला बी तेच झालं. ते दोघं मला वढून राहिले व्हते, मला ऐकूच येईना. म्हून मी आता हात उचलतच न्हाई. एक बी फटका न्हाई. एक मारला की झालं."

मी म्हणालो, "हे किती दिवस चालणार?"

"जमतंय तोवर."

आपला तो वाद तिथूनच सुरू झाला. पुढं तो कधी मिटला नाही. जेवणाच्या सुट्टीत, लाइन गेलेल्या दुपारी, मोटारीला वार्निश लावून वाळत ठेवल्यावर, केव्हाही. मी म्हणायचो, माणूस बदलत नाही. तू म्हणायचास, बदलतो. मी म्हणायचो, "बदलत न्हाई दिगंबर, थकतो. जेलात थकून आलास तू." त्यावर एकदा तू हसलास. तुझं हसणं मी फार थोड्या वेळा पाहिलं.

"थकलो म्हणा मंग," तू म्हणालास. "थकलेला चालंल का तुमाला?"

चाललं होतं की. तीन वर्षं चाललं.

एका भर दुपारी लाइन गेली होती आणि आपण दोघं अर्धवट अंधारात बसलो होतो. तू तारेचं टोक बोटाला गुंडाळत होतास. तू विचारलंस, "मिस्त्री, एक इच्यारू?"

"इच्यार."

"मला माफ करता का तुमी?"

"न्हाई," मी म्हणालो.

"बरं," तू म्हणालास आणि पुन्हा तार गुंडाळायला लागलास. रागावला नाहीस, तोंडही पाडलं नाहीस. थोड्या वेळानं लाइन आली. नंतर तू कधीच विचारलं नाहीस. मला वाटायचं, विचारशील. विचारलं असतंस तर काय सांगितलं असतं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक नाहीच म्हणालो असतो. थंडीत माझ्या हातातून भांडं सुटतं, तुझ्या काकूला माझ्या शर्टाची बटणं लावून द्यावी लागतात. ते कसं माफ करायचं असतं, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

पण एक गोष्ट सांगतो. सुट्टीच्या दिवशी मला घर खायला उठायचं. मी उगीच दुकानाची चावी घेऊन जायचो आणि बसून परत यायचो. तुझी काकू म्हणायची, तिथं काय ठेवलंय? मी म्हणायचो, मोटार वाळली का बघून आलो.

मग भाऊची गाडी यायला लागली. आधी नुसती समोरून हळू जायची. मग थांबायला लागली. काच खाली करून आतला माणूस म्हणायचा, "दिगू, भाऊ आठवण काढून राहिले." तू म्हणायचास, "माझा नमस्कार सांगा." पुढच्या खेपेला तो म्हणाला, "नमस्कारानं भागत न्हाई."  गाडी गेल्यावर मी तुझ्याकडे बघितलं तर तू मोटार तपासायचा टेस्टिंगचा दिवा उलटा धरला होतास.

निवडणूक जवळ आली तशी पोलिसांत जुन्या नावांची छाननी सुरू झाली आणि तुझं नाव त्यात आलं. जुन्या केसेस कागदावर होत्याच. त्यात कुठल्याशा नव्या भांडणात तुझं नाव कोणी तरी घातलं. ते भांडण झालं म्हणतात त्या दिवशी तू माझ्यासमोर बसून नर्सी गावाकडच्या एका माणसाची मोटार भरत होतास. तडीपारीची नोटीस आली. तू ती माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "वाचा. मला समजतंय, पण तुमी वाचा."

सुनावणीला मी आलो. मीच आलो, तू म्हणाला नव्हतास. साहेबांसमोर उभं राहून सांगितलं की या माणसानं माझा हात मोडला, यानं त्याची शिक्षा भोगली, आणि आता तीन वर्षं हा माझ्याकडे कामाला आहे. या तीन वर्षांत यानं कोणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. हे बोलताना माझा आवाज कापत होता, कारण ऑफिसात उभं राहायची मला सवय नाही. साहेब भला माणूस होता. त्यानं तुला बाहेर जायला सांगितलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला यानं धमकावलंय का? घाबरू नका. इथं कोणी ऐकत नाही."

मी म्हणालो, "न्हाई साहेब."

"मग ज्यानं तुमचा हात मोडला त्याच्यासाठी तुम्ही का आलात?"

 मी म्हणालो, "तो माझ्याकडं कामाला हाय." साहेबांनी मान हलवली आणि काही तरी लिहिलं. त्यांना काय वाटलं ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. माझा मोडका हात बघूनच त्यांची खात्री झाली होती की मी भिऊन आलोय. म्हणजे माझ्या येण्यानं तुझं वाईटच झालं, आलो नसतो तर एक वेळ चाललं असतं.

वर्षभरासाठी तुला हिंगोली जिल्ह्याबाहेर काढलं. बाहेर म्हणजे कुठं? तू कनेरगाव नाक्याच्या पुढं, जिल्ह्याची हद्द संपते तिथल्या पहिल्या गावात एक पत्र्याची खोली बघितलीस. मी म्हणालो होतो, लांब जा, पुण्याकडे जा, कंपनीत लाग. तू म्हणालास, "माय शिरड शहापूरला हाय. लांब गेलो तं येणंच होत न्हाई. इथून निदान गावाचा वास तं येते."

दर आठवड्याला मी मोटारीचा तार भरायचा गाभा पोत्यात बांधून सेनगावहून हिंगोलीला आणि हिंगोलीहून वाशिमच्या गाडीत बसायचो. कंडक्टर पोत्याला लाथ मारून विचारायचा, काय हाय यात. तुझी काकू तुझ्याशी शेवटपर्यंत एक शब्दही बोलली नाही, पण त्या पोत्याबरोबर फडक्यात भाकरी असायची आणि ती दोन माणसांची असायची. मी कधी तिला सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. हद्दीपलीकडच्या धाब्यामागं आपण बसायचो. तू तिथं तार भरायचास, मी मागच्या आठवड्याची भरलेली मोटार घेऊन परत यायचो. धाब्याचा मालक म्हणायचा, बापलेक काय ओ तुमी. तू तार ओढत राहायचास, मी भाकरीचं फडकं सोडायचो.

पहिले दोन महिने तू बरा होतास. म्हणालास, "इथं मला कोणी वळखत न्हाई. लय बरं वाटतं." मग पावसाळा गेला आणि तू वाळत गेलास. एकदा म्हणालास, "कोणी वळखत न्हाई त्याची बी तकलीफ हाय, मिस्त्री. दिवसभर कोणी नावानं हाक मारत न्हाई. तुमी येता तेवढंच." गाड्या हिंगोलीकडे जायच्या तिकडे तू बघत बसायचास. मी ओरडायचो, तारेकडे बघ.

तिथं तुझ्याकडे येणारी माणसं दोनच होती. एक मी, आठवड्यातून एकदा. दुसरी भाऊची गाडी. ती केव्हाही येऊ शकत होती.

तुझी माय आजारी पडली. तुझ्या बहिणीचा, कांताचा, फोन आला की अन्न सोडलंय, दिगूला बोलवा म्हणते. हद्दीत यायला परवानगी लागते. तू अर्ज दिलास. मी स्वतः दोन वेळा ऑफिसात जाऊन विचारून आलो. होईल, सही व्हायची आहे, असं सांगत होते आणि ते खोटं बोलत नव्हते. कोणी तुझ्या वाईटावर नव्हतं. सही व्हायची होती, एवढंच. तू रोज फोन करायचास. मी म्हणायचो, "आणखी एक दिवस थांब." एक दिवस तुझा फोन आला नाही.

पुढच्या खेपेला तू धाब्यामागं बसला होतास, दाढी केलेली. मला बघून म्हणालास, "मायला भेटून आलो."

"परवानगी आली?"

"न्हाई."

"मग कसा गेला? कोणाच्या गाडीत गेला?"

तू मान खाली घातलीस. भाऊच्या. मला कळलं. मी पोतं तिथंच टाकलं.

"माय व्हती, मिस्त्री," तू म्हणालास. "पहाटं नेलं, दिवस निघायच्या आत परत आणलं. तिनं माझ्या हातानं पेज पिली. मी दुसरं काय करणार व्हतो?"

"आता ते मागतील."

"मागू द्या. न्हाई म्हणन."

"तुला न्हाई म्हणता येत असतं तर माझा हात धड राहिला असता."

हे मी बोललो. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. तुझा चेहरा मात्र मला विसरता येत नाही. तू उठून उभा राहिलास. हात बाजूला लोंबत होते, मुठी उघड्या.

"तुमीच म्हणता ना माणूस बदलत न्हाई म्हून?" तू हळूच विचारलंस. "मंग तुमी इथवर काहून येता? दर आठवड्याला, वझं घेऊन? मोटार भरायला सेनगावात दुसरं कोणी न्हाई का?"

तेवढ्यात हिंगोलीची गाडी दिसली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर तू खाली बसून पोत्याची गाठ सोडत होतास. म्हणजे तू त्या मोटारीचं काम करणार होतास. एवढ्यावर मी पुढचे दिवस काढले.

परवानगीचा कागद दोन दिवसांनी आला. मी तो पुढच्या खेपेला आणणार होतो.

त्याआधीच तुला भाऊच्या माणसांनी नेलं. नुसतं उभं राहायचं, असं सांगितलं होतं म्हणे. नदीतल्या रेतीच्या घाटावर दुसऱ्या टोळीचे लोक आले होते, आणि भाऊला तिथं जुनं, नाव असलेलं माणूस दिसायला पाहिजे होतं. दिवसाढवळ्या, दुपारी. आधी शिव्या झाल्या, मग कोणी तरी तुला ढकललं. पुढचं मी तिथं असलेल्या ट्रॅक्टरवाल्याकडून ऐकलं. तो म्हणाला, तू बराच वेळ हात मागं बांधून उभा होतास. मग कोणी तरी काठी घातली आणि तुझा हात उठला.

आणि मग तुला थांबायचं सुचलं नाही.

समोरच्या टोळीची दोन माणसं अजून दवाखान्यात आहेत. तुला चौघांनी मिळून पाडलं. मी हे गोड करून सांगणार नाही. कोणाला वाचवताना तू गेला नाहीस. ज्या कामातून तू बाहेर यायला बघत होतास त्याच कामात तू गेलास, तुझ्या हातात समोरच्यांचीच काठी होती, आणि पेपरात तुझ्या नावाआधी जो शब्द छापला तो आता पुसायला कोणी नाही. दुकानात लोक येऊन सांगून गेले, "मिस्त्री, तुमी बराबर बोलत व्हते. अशी माणसं बदलत न्हाईत." मी तीन वर्षं तेच म्हणत होतो. आपल्या वादात मी जिंकलो, दिगंबर. माझ्या बाजूनं आता अख्खं सेनगाव आहे. आणि मला प्रत्येकाच्या तोंडात मारावंसं वाटतं.

तुला शिरड शहापूरला आणलं. मेल्यावर हद्दीत यायला कोणाची परवानगी लागली नाही. गाडी नाक्यावर थांबली सुद्धा नाही. माणसं बोटावर मोजण्याइतकी. भाऊचा एक हार आला होता. कांताच्या नवऱ्यानं तो बाजूला बाभळीवर टाकला. खांद्याला माणूस कमी पडत होतं म्हणून मी डावा खांदा दिला. तू जड होतास. वाळला होतास तरी जड होतास.

तुझी माय जगली आहे. तू पेज पाजून गेलास त्यानंतर तिनं अन्न धरलं. माती झाल्यावर मी तिला भेटायला आत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. 

"तुमी मिस्त्री का?"

"व्हय."

"दिगू सांगायचा. म्हणायचा, मिस्त्री लय शिव्या देते."  मग तिनं माझा उजवा हात धरला. मी तो कोणाला धरू देत नाही, पण सोडवून घेता आला नाही. तिनं बोटं एकेक करून चाचपली. "हाच का?"

"हाच."

"त्यानं मला समदं सांगितलं व्हतं. अन् हे बी सांगितलं की मिस्त्रीनं मला माफ केलं. त्या दिवशी पहाटं आला तवा तेच सांगत व्हता. म्हणे, माय, आता माझ्या जिवाला घोर न्हाई, मिस्त्रीनं माफ केलं." ती माझा हात कपाळाला लावून म्हणाली, "तुमचे लय उपकार झाले, बाबा. तेवढ्यानं माझं लेकरू सुखानं गेलं."

तिथं कांता होती, दोन बायका होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. "व्हय माय," मी म्हणालो. "केलं व्हतं."

बाहेर आलो आणि फाट्यापर्यंत चालत गेलो. जीप मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलो. तू तिला खोटं सांगितलंस याचा मला राग आला. मग वाटलं, तू दुसरं काय सांगणार होतास? मरायला टेकलेल्या मायला काय, तुझ्या जिवाला घोर आहे असं सांगणार होतास? पण तुझ्या जिवाला घोर होता. तो घेऊनच तू त्या घाटावर उभा राहिलास, हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

घरी आलो तर तुझी काकू चुलीपुढं बसली होती. तिनं भाकरी केली नव्हती. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, "कोणासाठी थापू? सवय झाली व्हती दोघांची." तुझ्याबद्दल ती इतकंच बोलली. पुढं बोलेल असं वाटत नाही.

दुकानात आता सहा मोटारी पडल्या आहेत. रब्बी तोंडावर आलीय. लोक येतात, विचारतात, कधी देता. मी सांगतो, दुसरीकडे बघा. एक भरायला घेतली होती. डाव्या हातानं तार ओढली, उजव्यानं दाबायला गेलो तर बोटं सरकली. तासभर प्रयत्न केला आणि तार कापून टाकली. जागेसाठी भाऊचा माणूस पुन्हा येऊन गेला. या वेळी गोड बोलला. मी त्याला बसायला सांगितलं नाही. पुढच्या वेळी बहुतेक हो म्हणेन.

तू विचारलं होतंस, मी तिथवर कशाला येतो. गाडी आली म्हणून तेव्हा सुटलो. आता कितीही वेळ आहे तरी नीट सांगता येत नाही. तू बदलावास म्हणून येत होतो असं म्हणवत नाही, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. तू थकलेलाच राहावास, कोणी तुला पुन्हा जागं करू नये, म्हणून येत होतो बहुतेक. तेही जमलं नाही.

तुझ्या मायजवळ मी जे बोललो ते तिच्यासाठी होतं. तुझ्याशी मी कधी खोटं बोललो नाही, आताही बोलणार नाही. मी तुला माफ केलेलं नाही, दिगंबर. हात रोज दुखतो. पण तू कामाला यायला पाहिजे होतास.